अ‍ॅडमिन मंडळी, तो धूसर शिक्रा परत येऊ द्या

आपल्या पक्षीनिरीक्षण ग्रुपच्या सगळ्या अ‍ॅडमिन आणि मॉडरेटर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

हे मी तुम्हाला इनबॉक्समध्येही लिहू शकले असते, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. विषय ग्रुपच्या नियमांचा आहे आणि नियम सगळ्यांना लागू होतात, मग त्यावरचं बोलणं बंद दाराआड कशाला. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा एवढी विनंती.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमाराला एका नव्या मेंबरने फोटो टाकला. मोबाईलवर काढलेला, झूम करून करून पार फाटलेला, वाळक्या फांदीवर एक राखाडी पक्षी, छातीवर आडव्या रेघा असाव्यात असं वाटतंय पण खात्री नाही, डोळा तर दिसतच नाही. खाली एवढंच, "हा शिक्रा आहे का? आज पहिल्यांदा बघितला, खूप छान वाटलं." शिक्रा म्हणजे एक छोटा शिकारी पक्षी. मी लगेच उत्तर टाइप करायला घेतलं. कारण हा प्रश्न मीही एकेकाळी याच ग्रुपवर विचारला होता, जवळपास याच शब्दांत, आणि तेव्हा मला कळलं होतं की पावशा नावाचा एक पक्षी आहे, कोकिळेच्या कुळातला, पण रंग, रेघा, शेपटीवरचे पट्टे, इतकंच काय उडून फांदीवर येऊन बसायची ढबसुद्धा हुबेहूब शिक्र्यासारखी. छोटे पक्षी फसतात, माणसांचं काय घेऊन बसलात. चोच दिसली तर प्रश्न मिटतो, शिक्र्याची आकडीसारखी वळलेली असते आणि पावशाची साधी, पण फाटलेल्या फोटोत चोच कुठून दिसणार. मग विचारायचं असतं की तो ओरडला का, आणि ओरडला तर आवाज दर वेळी चढत चढत जाऊन एकदम थांबला का. तसं असेल तर पावशा. काही खात होता का, सुरवंट की पाल, हेही विचारायचं. हे फोटोत नसतं, पण ज्याने बघितलंय त्याच्या डोक्यात असतं, आपण फक्त त्याला आठवायला लावायचं.

मी हे सगळं टाइप केलं, सेंड दाबलं, आणि स्क्रीनवर आलं, "ही पोस्ट उपलब्ध नाही". पोस्टी आपोआप तपासणाऱ्या आपल्या बॉटने उडवली होती. नियम ४, फोटोचा दर्जा. त्या मेंबरला काय मेसेज जातो तोही मी नंतर एका मॉडकडून विचारून घेतला, "तुमची पोस्ट ग्रुपच्या नियमांत बसत नसल्याने काढण्यात आली आहे." बस. कुठला नियम, का, आता काय करायचं, काही नाही. दोन दिवसांनी बघितलं तर मेंबर लिस्टमध्ये ते नाव नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एक माणूस गेला तर गेला, रोज कितीतरी येतात. माझं म्हणणं त्या एका माणसाच्या पलीकडचं आहे. नियम ४ आल्यापासून आपण सगळेच बदललोय, आणि ते बदलणं पोस्ट उडवण्यापेक्षा जास्त गंभीर आहे.

जुन्या मेंबरांना आठवत असेल, आपला सुरुवातीचा एक नियम होता की फोटोसोबत पक्षी काय करत होता ते किमान दोन ओळीत लिहा. साधा नियम, पण त्याने आम्हाला काय लावलं बघा. फोटो काढून झाला की पूर्वी आम्ही पुढे निघायचो, आता थांबायला लागलो, कारण घरी जाऊन लिहायचं काय? खंड्याने मासा पकडला हे सगळ्यांनाच माहीत, पण तो गिळायच्या आधी फांदीवर आपटतो, किती वेळा आपटतो, आणि आपटताना मासा कुठल्या टोकाला धरतो, हे मी त्या नियमामुळे बघायला शिकले. छोटी वही घेऊन फिरायला लागले. एकदा एकाने लिहिलं की चिमणी धुळीत अंघोळ करताना आधी छातीने खड्डा करते, तर पुढचा आठवडाभर लोक नुसत्या चिमण्यांच्या अंघोळीबद्दल लिहीत होते, फोटो असेतसेच, पण काय एकेक निरीक्षणं होती! नियम तुम्ही पोस्टसाठी केला होता, त्याने शिस्त लागली ती आमच्या डोळ्यांना.

नियम ४ ने पण आम्हाला काहीतरी लावलंय. पक्षी फ्रेममध्ये मोठा पाहिजे, डोळा शार्प पाहिजे, बॅकग्राउंड स्वच्छ पाहिजे. मग माणूस काय करणार? जवळ जाणार. लांबून बघून समाधान मानणारा माणूस अजून दहा पावलं पुढे जाणार, पक्षी उडणार, हा पुन्हा मागे जाणार. नाहीतर मोबाईलवर त्याच पक्ष्याचा आवाज लावणार, म्हणजे आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून बिचारा बाहेर येतो, छाती काढून ओरडतो, आणि आपल्याला "क्लीन शॉट" मिळतो. त्याची ताकद गेली, वेळ गेला, ज्या वेळात त्याने खायचं होतं किंवा पिल्लांना भरवायचं होतं तो वेळ एका न आलेल्या शत्रूशी भांडण्यात गेला. नाहीतर आमिष टाकणार. हे आपल्या ग्रुपमध्ये होतंय. मी कोणाचं नाव घेणार नाही, पण एकाच फांदीवर, एकाच कोनातून, एकाच शिंजिराचे चार वेगवेगळ्या लोकांचे फोटो एका आठवड्यात येतात तेव्हा तिथे काहीतरी मांडून ठेवलेलं असतं हे तुम्हालाही कळतं. आणि खाली कमेंट काय? "अप्रतिम", "काय डिटेल आलंय", "लेन्स कुठली". पक्षी काय करत होता हे विचारणारा कोणी उरला नाही, कारण दोन ओळींचा जुना नियम नियम ४ आला तेव्हा यादीतून काढला गेला, का काढला हे आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

तुम्हाला हे करायचं नव्हतं हे मला माहितीये. तुमच्यातल्या एकानेही कधी आवाज लावून पक्षी बोलावला नसेल. पण नियम करणाऱ्याच्या मनात काय होतं हे नियम वाचणाऱ्याला दिसत नाही, त्याला एवढंच दिसतं की कुठली पोस्ट राहते आणि कुठली जाते. जे राहतं ते चांगलं, असं तो धरून चालतो, आणि पुढच्या रविवारी तसंच करायला बाहेर पडतो.

याच ग्रुपचा घरट्याचा नियम बघा. घरट्यांचे फोटो टाकायचे नाहीत, अंड्यांचे नाहीत, पिल्लांना भरवतानाचे नाहीत. किती कडक नियम आहे! सुरुवातीला किती जण चिडले होते, कारण असे फोटो सगळ्यात जास्त गोड दिसतात, त्यांना लाइकही जास्त मिळतात. पण त्या नियमाखाली कारण लिहिलं होतं. माणूस घरट्याजवळ गेला की आईबाप दूर जाऊन बसतात, तेवढ्यात अंडी उन्हात किंवा थंडीत उघडी पडतात, आपण फांद्या बाजूला केल्या की शिकाऱ्याला वाट दिसते, कावळे तर माणसाकडे बघूनच शोधत येतात, आणि एकाने फोटो टाकला की दुसऱ्या दिवशी तिथे पाच जण पोचतात. हे वाचल्यावर कोणी काय भांडणार? आज नव्या मेंबरने चुकून घरट्याचा फोटो टाकला तर मॉड यायच्या आधीच चार जण त्याला नीट समजावून सांगतात आणि तो स्वतः डिलीट करतो. मी तर पुढचं बघितलंय, मागे आम्ही काही जण एकत्र बाहेर गेलो होतो, एकाला घरटं दिसलं, त्याने कॅमेरा वर केला, मग काही न बोलता खाली घेतला आणि आम्हाला सगळ्यांना दुसऱ्या बाजूने वळवून नेलं. तिथे ना तुम्ही होता ना बॉट होता. नियम त्या माणसाचा झाला होता.

म्हणून मला कोणी "नियम नकोत" वाल्यांत धरू नका. मला कडक नियम हवेत. फक्त कडकपणा पक्ष्याच्या बाजूने हवा, आणि नव्या माणसाच्या बाबतीत हात जरा सैल हवा. आत्ता नेमकं उलटं झालंय, धूसर फोटोला बॉट अकरा मिनिटांत पकडतो आणि आवाज लावून काढलेला चकचकीत फोटो आठवडाभर वर पिन होतो.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. मी काही महिने रांग सांभाळायला मदत केली होती. सकाळी उठून बघावं तर अप्रूव्हलला ढीग लागलेला, त्यात निम्मं स्पॅम, कोणी बायनॉक्युलर विकतोय, कोणी दुसऱ्याचा फोटो स्वतःच्या नावावर टाकतोय, आणि "हा कोणता पक्षी" म्हणून साळुंकीचा फोटो त्या दिवसातला नववा. पोस्ट काढली की रात्री इनबॉक्समध्ये शिव्या. हे सगळं फुकट, स्वतःच्या झोपेतून वेळ काढून. बॉट का आणला हे मला पुरतं समजतं. आणि ही अडचण काही आपली एकट्याची नाही, इंटरनेटवरच्या गप्पांच्या जुन्या जगात, युजनेटवर, दरवर्षी सप्टेंबरमध्ये विद्यापीठांतले नवे विद्यार्थी यायचे, गोंधळ घालायचे, मग जुने लोक त्यांना रीतभात शिकवायचे आणि काही आठवड्यांत सगळं शांत व्हायचं. १९९३ पासून नव्या लोकांचा लोंढा वर्षभर यायला लागला आणि जुन्यांची शिकवायची ताकदच संपली, लोक त्याला कधी न संपलेला सप्टेंबर म्हणतात. आपल्याकडेही तेच झालंय, माणसं वाढली आणि शिकवणारे तेवढेच राहिले.

पण शिकवणारे कमी पडले म्हणून शिकवण्याच्या जागी उडवणं आणलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या २००७ च्या सुमाराला सगळ्यात जास्त होती, नंतर घसरत गेली. ज्यांनी याचा अभ्यास केला त्यांना दिसलं की चांगल्या मनाने आलेल्या नव्या लोकांचं लिखाणही ऑटोमॅटिक टूलने पटापट उडवलं जात होतं, आणि पहिलंच काम असं उडालं की ती माणसं टिकत नव्हती. टूल आणली होती खोडसाळपणा रोखायला, आणि ते काम त्यांनी चोख केलं, पण दारात उभ्या असलेल्या भल्या माणसालाही तोच दणका बसला. आपल्या त्या शिक्र्यावाल्या मेंबरचं याहून वेगळं काय झालं?

याच्या उलट एक गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. रेडिट नावाच्या चर्चांच्या वेबसाइटवर विज्ञानाचा एक भलामोठा ग्रुप आहे, तिथे नियम अतिशय कडक, किस्से आणि विनोदसुद्धा काढून टाकतात. तिथे मॉडरेटरांनी एका संशोधकाबरोबर प्रयोग केला, काही चर्चांच्या वर नियम चिकटवून ठेवले, काहींच्या वर नाही, आणि कुठे चिकटवायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. २०१९ मध्ये ते छापून आलं. जिथे नियम डोळ्यासमोर होते तिथे नव्या लोकांचं नियम पाळण्याचं प्रमाण ८ टक्के-अंकांहून जास्त वाढलं, हे एक वेळ अपेक्षितच होतं, पण नव्या लोकांचा सहभागही सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. मला वाटलं होतं नियम दाखवले की लोक बिचकतील. झालं उलटंच. मला वाटतं माणूस घाबरतो ते आपण कुठे चुकू हे माहीत नसल्यामुळे, कुठे काय चालतं हे आधी कळलं की तो मोकळेपणाने बोलतो. आपले नियम कुठे आहेत? "अबाउट" मध्ये जा, मग "आणखी पहा" दाबा, मग एका जुन्या डॉक्युमेंटची लिंक, आणि ती मोबाईलवर धड उघडत नाही. नव्या माणसाला नियम ४ पहिल्यांदा भेटतो तो स्वतःची पोस्ट उडाल्यावर.

पोस्ट काढताना कारण सांगण्याबद्दलही तेच. रेडिटवरच्याच लाखो पोस्टींचा अभ्यास झालाय, जिथे पोस्ट का काढली हे समजावून सांगितलं जातं तिथे त्या माणसाची पुढची पोस्ट काढायची वेळ कमी येते. म्हणजे आज दोन ओळी लिहायचे कष्ट घेतले तर उद्याची रांग कमी होते, हे तुमच्याच फायद्याचं आहे.

आणि आपल्याच छंदातले लोक धूसर फोटोचं काय करतात बघा ना. आय-नॅचरलिस्ट या निसर्गातल्या नोंदींच्या वेबसाइटवर फोटो कितीही वाईट असला तरी नोंद होते, नुसता आवाज रेकॉर्ड करून टाकला तरी चालतो, मग बाकीचे लोक ओळख सुचवतात आणि दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंद पक्की धरली जाते. धोक्यातल्या प्रजातीची नेमकी जागा मात्र ते आपोआप झाकतात, ०.२ अंश बाय ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी असं दाखवतात, विषुववृत्ताजवळ धरलं तर साधारण २२ किलोमीटरची बाजू, म्हणजे गर्दी करायला कोणी पोचू नये. ई-बर्ड ही पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट २००२ पासून चालू आहे, तिथे कोणी अविश्वसनीय नोंद केली तर त्या भागाचा स्वयंसेवक तपासनीस त्याला लिहून विचारतो, काय दिसलं, किती वेळ दिसलं, कशावरून ओळखलं. खात्री पटली नाही तर नोंद सगळ्यांच्या नकाशावर जात नाही पण त्या माणसाच्या स्वतःच्या यादीत राहते. कोणाचं दिसणं पुसून टाकत नाहीत. जागेच्या बाबतीत कडक, माणसाच्या बाबतीत चौकशी. मला आपल्या ग्रुपमध्ये नेमकं हेच हवंय.

अजून एक बोलायचंय, जरा स्पष्टच. नियम ४ ठरला कुठे? तुमच्या मॉडरेटरांच्या वेगळ्या ग्रुपमध्ये, आणि आम्हाला कळला तो लागू झाल्यावर. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आयुष्यभर सामाईक गोष्टींचा अभ्यास केला, कुरणं, पाणी, मासेमारीच्या जागा, जिथे मालक कोणी एक नाही तिथे लोक वर्षानुवर्षं टिकाव धरून कसे राहतात. जिथे जमलं तिथे त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या, त्यातल्या दोन आपल्या कामाच्या, ज्यांना नियम पाळायचेत त्यांचा नियम बदलण्यात हात असतो, आणि पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी असते, मग हळूहळू वाढत जाते. आपल्याकडे पहिली चूक आणि दहावी चूक, दोन्हीला बॉटचा एकच मेसेज. आपला ग्रुप पण सामाईक कुरणच आहे की. इथलं गवत म्हणजे लोकांचं लक्ष आणि लोकांनी एकमेकांना दिलेला वेळ.

तर आता मागणं काय ते सांगते. दोन ओळींचा जुना नियम परत आणा, पक्षी काय करत होता ते लिहिल्याशिवाय पोस्ट नको, मग फोटो कसाही असो. आवाज लावून किंवा आमिष टाकून काढलेले फोटो घरट्याच्या नियमातच घाला, त्याच कडकपणाने, खाली कारण लिहून. बॉट राहू दे, स्पॅम आणि विक्रीसाठी तो हवाच, पण नव्या मेंबरची पहिली पोस्ट त्याच्या हातात देऊ नका, ती माणसाने बघावी. नियम वर चिकटवा, मोबाईलवर एका बोटात वाचता येतील एवढे. आणि पुढचा नियम करायच्या आधी एकदा आम्हाला विचारा, सगळे एकमताने हो म्हणणार नाहीत, भांडणंही होतील, पण नंतर राखायला आम्ही असू.

"हा कोणता पक्षी" वाल्या पोस्टींचा ढीग येईल, हा तुमचा आक्षेप खरा आहे. नवव्या साळुंकीला प्रेमाने उत्तर देणं सोपं नाही. त्यासाठी मी नाव देते. माझ्याबरोबर अजून चार जण तयार आहेत, मी बोलून ठेवलंय, रोज रात्री एक तास आम्ही पाच जण आळीपाळीने फक्त ओळखीच्या प्रश्नांवर बसू, मॉडचे अधिकार नकोत, नावापुढे बिल्ला नको. तीन महिने करून बघू. जमलं नाही तर सांगा, मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

आणि एक काम मात्र आजच करा. ती गेल्या आठवड्यातली पोस्ट तुमच्या काढलेल्या पोस्टींच्या यादीत अजून असेल, ती परत उघडा आणि त्या मेंबरला एक मेसेज करा की या, तुमच्या फोटोवर बोलायचंय. माझं उत्तर मी नोट्समध्ये सेव्ह करून ठेवलंय. तो पक्षी ओरडला होता का, आणि आवाज चढत चढत गेला का, एवढं त्यांना विचारायचं राहिलंय.

तुमचीच,
ग्रुपमधली एक जुनी मेंबर